मेळघाटात दोन रात्री: मित्रमंडळींसोबत निघण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेळघाटला जायचं ठरलं की प्रत्येक ग्रुपवर तेच प्रश्न फिरू लागतात. कुठे राहायचं, वाघ दिसेल का, गाडी कोणाची, नेटवर्क मिळेल का. नागपूर, वर्धा, अमरावती, अकोला या बाजूने शनिवार-रविवार धरून निघणाऱ्या पाच-सहा जणांसाठी ही उत्तरं आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते: एकच मुक्काम धरा आणि तिथेच थांबा. मेळघाटात बहुतेकांचे दोन दिवस गाडीत जातात. सकाळी चिखलदऱ्याचे पॉइंट, दुपारी सेमाडोह, संध्याकाळी हरिसाल, दुसऱ्या दिवशी नरनाळा. अशा धावपळीत जंगलाजवळ जाणंच होत नाही.

मेळघाट नेमकं कुठे येतं?

अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगेत. चिखलदरा आणि धारणी हे दोन तालुके म्हणजे मेळघाट. १९७३ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत हे होतं. महाराष्ट्रातला पहिला व्याघ्र प्रकल्पही हाच, १९७४ पासूनचा. गाभा आणि बफर मिळून क्षेत्र २,७०० चौरस किलोमीटरच्या वर जातं, त्यात गाभाच सुमारे १,५०० चौरस किलोमीटरचा. जंगल मुख्यतः सागाचं. खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या पाच नद्या इथून निघून तापीला मिळतात. तापीत येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग या डोंगरांतला आहे, हे खाली मैदानात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवायला हवं.

चिखलदरा, सेमाडोह की कोलकास? कुठे राहावं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण पुढचं सगळं यावर ठरतं.

चिखलदरा हे थंड हवेचं ठिकाण आहे, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरवर. हॉटेलं आहेत, बाजार आहे, कॉफीचे मळे आहेत, मोथा गावाकडे स्ट्रॉबेरी होते, गवळ्यांची रबडी मिळते. भीमकुंड, देवी पॉइंट, पंचबोल, गाविलगड सगळं आसपास. पावसाळ्यात दरीतून ढग वर येतात तेव्हा ते फार सुंदर दिसतं, पण त्याच शनिवार-रविवारी तिथे गाड्यांच्या रांगाही लागतात. सोबत आई-वडील किंवा लहान मुलं असतील, खोलीत गरम पाणी आणि दारात चहा हवा असेल, तर चिखलदराच घ्या.

सेमाडोह आणि कोलकास खाली जंगलात आहेत, परतवाडा-धारणी रस्त्यावर. सेमाडोहला वनविभागाचं पर्यटक संकुल आणि निसर्ग माहिती केंद्र आहे. कोलकासचं विश्रामगृह उंचवट्यावर आहे आणि त्याच्या पायथ्याशी सिपना नदी मोठं वळण घेते. मित्रांसोबत जंगलासाठीच निघाला असाल तर मी डोळे झाकून कोलकास सांगेन. सकाळी साडेसहाला चहा घेऊन त्या कठड्याशी बसा. आधी नदीवर नुसतं धुकं असतं. ते विरत जातं तसे पलीकडच्या काठाचे दगड दिसू लागतात, मग दगडांतला एक हलतो आणि ते सांबर आहे हे कळतं. ते पाणी पितं, कान फिरवतं, पुन्हा पितं. अर्धा तास कोणी बोलत नाही, आणि एरवी कॉलेजपासून एक मिनिट गप्प न बसलेली माणसंही तिथे गप्प बसतात.

खोल्या साध्या असतात. गादी स्वच्छ, बाथरूम चालू, बाकी फार अपेक्षा ठेवू नका. वीज जाते. हे ज्याला चालणार नाही त्याच्यासाठी सगळ्यांनी तडजोड करण्यापेक्षा त्याला निघण्याआधीच स्पष्ट कल्पना द्या.

वाघ दिसेल का?

दिसू शकतो, पण त्यासाठी जाऊ नका. एवढ्याच कारणासाठी सुट्टी काढत असाल तर ताडोबा गाठा. ताडोबा बरंच सपाट आहे, तळी आहेत, वाघ रस्त्यावर येतात. मेळघाट डोंगराळ आहे, दऱ्या खोल, झाडी दाट आणि क्षेत्र प्रचंड. इथला वाघ तुम्हाला बघून शांतपणे निघून जातो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

मग दिसतं काय? रानगवा. मेळघाटचा खरा राजा मी त्यालाच म्हणेन. काळाभोर देह, गुडघ्याखाली चारही पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा रंग, आणि कळपाच्या मध्ये तांबूस पिल्लं. सांबर, भेकर, चौशिंगा, अस्वल, रानकुत्रे, आणि नशीब असेल तर संध्याकाळी उडणारी खार. पक्ष्यांचा नाद असलेल्यांसाठी रानपिंगळा. हा छोटा पिंगळा १८८४ नंतर कोणाच्या नजरेला पडला नव्हता. तो नामशेष झाला असं धरून चालले होते. ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये, तो नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि नंतर मेळघाटातही त्याची नोंद झाली. इतर घुबडांसारखा हा रात्रीची वाट बघत नाही, दिवसाही शिकार करतो, त्यामुळे तो दिसण्याची आशा खरोखर ठेवता येते.

आणि जे दिसत नाही ते ऐकू येतं. वानराची खाकर, चितळाची टोकदार हाक, सांबराचा एकच घोगरा आवाज. गाईड इंजिन बंद करायला सांगतो. सगळे एका दिशेला बघत राहतात. कधी काहीच बाहेर येत नाही, पण त्या दहा मिनिटांत जंगल आपल्याला किती ओळखून आहे हे कळतं. ती दहा मिनिटं ज्याला फुकट गेली असं वाटत नाही, त्याने मेळघाटला जरूर यावं.

कोणत्या महिन्यात जावं?

जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्रातली सफारी बंद असते, तेव्हा फक्त चिखलदऱ्याचा विचार करा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जंगल हिरवं, ओढे वाहते, हवा सुखाची. प्राणी कमी दिसतात कारण गवत उंच असतं, पण मेळघाट सगळ्यात देखणं याच दिवसांत असतं. डिसेंबर-जानेवारीत सेमाडोहला पारा एक आकडी होतो. उघड्या जिप्सीत पहाटे ती थंडी दुपटीने लागते.

मला स्वतःला मार्च आवडतो. साग पानं गाळतो आणि आतलं सगळं दिसू लागतं. वाळलेलं सागाचं पान हाताच्या पंज्याहून मोठं असतं, त्यावरून साधी रानकोंबडी चालली तरी कोणीतरी मोठं येतंय असं वाटून सगळे सावध होतात. पळस फुललेला असतो. मोहाची फुलं पडू लागतात आणि पहाटे झाडाखाली टोपल्या घेऊन माणसं, तर आतल्या भागात अस्वलं, दोघंही तीच फुलं वेचतात. एप्रिल-मेमध्ये वऱ्हाडातून गाडी चालवत येणंच जीवावर येतं, पण पाणवठ्यांवर प्राणी सगळ्यात जास्त तेव्हाच दिसतात.

नागपूरहून रस्ता कसा? किती वेळ लागतो?

नागपूर ते सेमाडोह साधारण अडीचशे किलोमीटर. कोंढाळी, तळेगाव, तिवसा करत अमरावती, तिथून वलगाव, आसेगाव, परतवाडा आणि मग घाट. थांबत-थांबत सहा तास धरा. अमरावतीकरांना यातले अडीच-तीन तासच पुरतात, अकोल्याहून येणाऱ्यांनी दर्यापूर-अंजनगाव सुर्जी करत परतवाडा गाठावं.

शुक्रवारी अर्धा दिवस सुट्टी घेता आली तर सगळं सोपं होतं. सकाळी अकराला निघालात की पाचपर्यंत मुक्कामी. ते जमणार नसेल तर शुक्रवारी रात्री अमरावतीत किंवा परतवाड्यात झोपा आणि शनिवारी उजाडल्यावर घाट चढा. रात्री घाटात गाडी घालू नका. नाक्यांवर अडवतील हा एक भाग झाला, पण रात्री तो रस्ता प्राण्यांचा असतो हे खरं कारण.

वाटेत खाण्याची चैन आहे. हिवाळ्यात कोथिंबिरीची सांबारवडी, मोर्शी-वरूडकडून आलेल्या संत्र्यांचे रस्त्याकडेचे ढीग, अमरावतीत गिला वडा. पौष महिना असेल तर परतवाड्याजवळ बहिरमची यात्रा भरलेली असते, तिथलं हंडीतलं मटण आणि रोडगे खायला लोक मुद्दाम वाट वाकडी करतात. फक्त तिथून निघायला उशीर होतो, हे घाटाच्या हिशेबात धरा.

पुण्या-मुंबईहून शनिवार-रविवारात जमेल का?

गाडीने नाही जमणार. जाण्यातच एक दिवस जातो आणि थकलेला माणूस घाटात गाडी चालवतो, ते धोक्याचं आहे. शुक्रवारची रात्रीची रेल्वे घेऊन बडनेरा किंवा अकोला गाठा आणि तिथून ठरवलेली गाडी घ्या. घाटाची सवय असलेला स्थानिक चालक मिळाला तर उत्तमच. सोमवारची सुट्टी जोडून आलात तरच या प्रवासाचं चीज होतं.

घाटात गाडी चालवताना काय सांभाळायचं?

वळणं अरुंद आहेत आणि समोरून एसटी येते. चढणाऱ्या गाडीला वाट द्या, आंधळ्या वळणावर हॉर्न द्या. हा एकच हॉर्न जंगलात मान्य. उतारावर गाडी न्यूट्रल करू नका, खालच्या गिअरवर उतरवा. सतत ब्रेक दाबला की तो तापतो आणि नेमका शेवटच्या वळणांवर दगा देतो. ज्याने कधी घाट चालवलेला नाही त्याने हौस म्हणून इथे शिकू नये, त्याला अमरावतीपर्यंतचा सरळ रस्ता द्या.

गवे रस्ता ओलांडत असतील तर लांबच थांबा, इंजिन चालू ठेवा, हेडलाइट खाली करा. तीन-चार गवे गेले की सगळ्यांना वाटतं झालं. थांबा. पिल्लू बरेचदा मागे राहिलेलं असतं आणि त्याची आई रस्त्याच्या मधोमध उभी राहून तुमच्याकडे बघते. ती हलेपर्यंत हॉर्न नाही, फ्लॅश नाही, खाली उतरणं तर नाहीच. वानरांना बिस्किटं टाकू नका. त्यांना रस्त्याकडेला बसायची सवय लागते आणि मग ती गाड्यांखाली येतात.

पेट्रोल, पैसे, नेटवर्क?

परतवाड्यात टाकी फुल करा, रोख रक्कम तिथेच काढा. वर ऑनलाइन पैसे जातीलच असं नाही. नेटवर्क बऱ्याच ठिकाणी नसतं, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या आणि घरी सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागला नाही तर घाबरू नका. बुकिंगच्या पावतीची छापील प्रत सोबत असू द्या.

सफारीचं बुकिंग कसं करायचं?

मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून. राहणं आणि सफारी दोन्हींसाठी आधी तिथेच बघा. सेमाडोह, हरिसाल, चिखलदऱ्याकडचं वैराट, अकोटकडचं शहानूर अशी वेगवेगळी प्रवेशद्वारं आहेत. जिथे राहणार त्याच बाजूचं प्रवेशद्वार घ्या. लोक स्वस्त किंवा मोकळं दिसलं म्हणून दुसऱ्याच टोकाचं घेतात आणि पहाटे चारला अंधारात घाट तुडवत बसतात. प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र लागतं. दर आणि वेळा हंगामानुसार बदलतात, त्या बुकिंगच्या दिवशीच बघा.

जिप्सीत सहा जण बसतात, म्हणून गट सहाचा असला तर पैशांचा आणि गाडीचा हिशेब आपोआप जुळतो. सात-आठ झाले की दोन जिप्सी, आणि मग त्यांना काय दिसलं यावर रात्रभर वाद.

गाईडशी नीट बोला. बहुतेक जण आजूबाजूच्या गावांतलेच असतात. पहिल्या पाच मिनिटांत "वाघ दाखवा" म्हटलं की तो बिचारा दोन तास गाडी पळवत राहतो. त्याऐवजी सांगा की आम्हाला घाई नाही, जे दिसेल ते समजावून सांगा. मग तो गाडी थांबवून सागाचं कोवळं पान तळहातावर चोळून दाखवेल, हात कुंकवासारखा लाल होतो. वारूळ कोणी उकरलं, ते अस्वलाने की आणखी कोणी, हे मातीवरच्या नखांवरून सांगेल. वाटेवरच्या धुळीत बिबट्याचं पाऊल आणि त्यावरून गेलेली सायाळ वाचून दाखवेल. ही माणसं जंगल वाचतात, त्यांना ते वाचू द्या.

जेवणाचं काय? स्वतः स्वयंपाक करता येतो का?

वनविभागाच्या ठिकाणी सांगितलं तर साधं जेवण मिळतं: भाकरी किंवा पोळी, वरण, भात, एखादी भाजी, पिठलं. पोहोचल्याबरोबर रात्रीचं सांगून टाका, ऐनवेळी आठ माणसांचं मागू नका. सामान जवळच्या गावातून आणावं लागतं. कुटकीचा भात मिळतो का, हे जरूर विचारा. इथले कोरकू आदिवासी शेतकरी डोंगरउतारावर कुटकी आणि कोदो ही भरडधान्यं पिकवतात, आणि गरम कुटकीवर तुरीचं वरण घेऊन खाल्लं की पोट कसं शांत होतं ते खाल्ल्यावरच कळेल. सोबत न्यायचं असेल तर चिवडा, शेंगदाण्याचे लाडू, ठेचा पुरे. वेष्टनांचा सगळा कचरा परत गाडीत.

थोडी बसायची व्यवस्था, गाणी, शेकोटी? मित्र म्हणून चाललोय, एवढं तर हवंच ना?

व्याघ्र प्रकल्पात दारू चालत नाही, स्पीकर चालत नाही, आणि उघड्यावर आग तर अजिबात नाही. मार्चनंतर सागाच्या पाचोळ्याला एक ठिणगी पुरते आणि वणवा डोंगरच्या डोंगर जाळत जातो. तो विझवायला रात्री झाडाच्या फांद्या घेऊन धावतात ती वनरक्षक आणि गावातली माणसं. सिगारेटचं थोटूकसुद्धा या हिशेबात आगच.

स्पीकरबद्दल मला मनापासून सांगायचं आहे. रात्री नऊनंतर कोलकासच्या आवारात दिवे कमी असतात. डोळे सरावले की तारे दिसतात, आणि कान सरावले की रातवा पक्षी ऐकू येतो, एकसुरी, टोकल्यासारखा, दहा-दहा मिनिटं न थांबता. खाली नदीत काहीतरी पाण्यातून चालत जातं. मित्र जुने असतील तर अशा अंधारात जी बोलणी निघतात ती शहरात कधीच निघत नाहीत. कोणाची नोकरी, कोणाच्या घरचं दुखणं, कोणाचं वर्षानुवर्षं न सांगितलेलं काही. गाणी लावलीत की हे सगळं राहून जातं. गायचंच असेल तर हळू आवाजात स्वतः गा.

ड्रोनही नेऊ नका, परवानगीशिवाय तो उडवणं गुन्हा आहे.

आम्ही सहाही जणी मुलीच आहोत. सुरक्षित आहे का?

हो. वनविभागाचा मुक्काम, दिवसाउजेडी प्रवास आणि आधी केलेलं बुकिंग या तीन गोष्टी सांभाळल्या तर मला काही अडचण दिसत नाही, आणि मी हे जाऊन-येऊन सांगते आहे. स्वयंपाक करणाऱ्या ताई, चौकीवरच्या महिला वनरक्षक यांच्याशी पोहोचल्यावर दोन शब्द बोलून घ्या. मेळघाटात अनेक मुली वनरक्षक म्हणून पायी गस्त घालतात. त्यांच्याकडून ऐकलेली एक गोष्ट कोणत्याही सफारीहून मोलाची असते.

घरच्यांची समजूत काढायची असेल तर मुक्कामाचा पत्ता, गाडीचा नंबर आणि परतीची वेळ कागदावर लिहून द्या. त्याने बरीच काळजी कमी होते.

कोरकू गावात फिरायला जाता येतं का? मुलांसाठी चॉकलेटं, कपडे न्यावेत का?

मेळघाट म्हणजे फक्त जंगल असं समजून येणाऱ्यांना हे उत्तर नीट वाचायला सांगेन.

इथे कोरकू लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांची कोरकू भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नाही. ती मुंडा कुळातली, म्हणजे झारखंडच्या संथाळी-मुंडारीची नातलग, आणि त्या कुळातली सगळ्यात पश्चिमेकडची भाषा. बाहेरच्यांशी लोक हिंदीत बोलतात, मराठीही समजते. "राम राम" म्हटलंत की उत्तर मिळतंच. घरं एका ओळीत, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर, भिंती सारवलेल्या.

बातम्यांमध्ये मेळघाट म्हटलं की १९९० च्या दशकापासून कुपोषण हाच शब्द येतो. प्रश्न खरा आहे आणि तिथे आयुष्य घातलेली माणसंही आहेत. बैरागडला अनेक वर्षं वैद्यकीय सेवा देणारे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच कामासाठी. पण म्हणून गाडीतून चॉकलेटं वाटत जाणं हा त्यावरचा उपाय नव्हे. मुलं शाळा सोडून रस्त्यावर गाड्यांची वाट बघू लागतात, आणि गाड्या अंगावर येतात. जुने कपडे तर कृपा करून नेऊ नका. खरंच काही करायचं असेल तर पैसे तिथे खर्च करा: गाईड तिथला, जेवण तिथलं, मध तिथला, लवादा येथील संपूर्ण बांबू केंद्रातल्या कारागिरांनी बनवलेली एखादी वस्तू. नंतर परत आल्यावर तिथे काम करणाऱ्या संस्थेला नियमित मदत करा.

गावात जायचं तर बोलावणं असावं किंवा गाईड सोबत असावा. आपल्या चाळीत अनोळखी सहा जण कॅमेरे घेऊन शिरले तर कसं वाटेल, तेवढाच विचार करायचा. फोटो विचारून काढा. गावाबाहेर कोरलेले लाकडी स्तंभ दिसतील, ते गेलेल्या माणसांच्या स्मृतीचे आहेत. त्यांना टेकून सेल्फी काढू नका.

आणखी एक गोष्ट इथे येते. गाभा क्षेत्रातली काही गावं बाहेर वसवली गेली, बोरी, कोहा आणि कुंड ही त्यांत सुरुवातीची. त्यांच्या रिकाम्या जागी आता गवताळ कुरणं आहेत आणि तिथे चितळ, सांबर, गवे चरायला येतात. सफारीत असं मोकळं कुरण बघून सगळे खूश होतात. तिथे एक गाव होतं, घरं होती, देव होते, हे गाईडला विचारलंत तर तो सांगतो. त्याचे नातेवाईकही त्यांत असू शकतात, म्हणून हळुवार विचारा.

होळीच्या आसपास रस्ता अडवतात म्हणे?

हो, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. होळी हा कोरकूंचा सगळ्यात मोठा सण, चार-पाच दिवस चालतो. कामासाठी बाहेर गेलेली माणसं या दिवसांत गावी परततात. रस्त्यावर दोरी किंवा बांबू आडवा धरून बायका-माणसं गाणी म्हणत, नाचत फगवा मागतात. काच खाली करा, हसून थोडे पैसे द्या, दोन मिनिटं नाच बघा, पुढे जा. सुट्टे पैसे मात्र भरपूर ठेवा, कारण पुढच्या गावातही अडवणार. वेळ कमी असेल तर हे दोन-तीन दिवस टाळा. भांडू नका, वर्षातून एकदा त्यांचा सण आपल्या रस्त्यात येतो.

बुद्धपौर्णिमेची प्राणीगणना म्हणजे काय? आम्हाला बसता येईल का?

वनविभाग बुद्धपौर्णिमेच्या रात्री निसर्गानुभव कार्यक्रम करतो. पाणवठ्याजवळच्या मचाणावर संध्याकाळपासून सकाळपर्यंत बसायचं आणि चांदण्यात जे प्राणी पाण्यावर येतील त्यांची नोंद करायची. नोंदणी आधी करावी लागते, जागा मोजक्याच, आणि भरतात लगेच. एका मचाणावर दोन-तीनच माणसं असतात, त्यामुळे ग्रुप फुटतो. रात्रभर बोलणं नाही, टॉर्च नाही, अत्तर नाही, खाली उतरणं नाही. ज्याला एक तास गप्प बसवत नाही त्याने नाव देऊ नये. ज्याला जमतं, त्याने एकदा तरी ही रात्र घ्यावीच. मध्यरात्री अस्वल पाण्यावर येतं ते दिसण्याच्या आधी ऐकू येतं, फुसफुसत, कुरकुरत, स्वतःशीच बोलल्यासारखं.

सामान काय घ्यावं?

मातकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, बूट, टोपी, टॉर्च, पाण्याची स्वतःची बाटली, नेहमीची औषधं, उलटीची गोळी. थंडीत कानटोपी आणि हातमोजे. पावसाळ्यानंतर गवतात गोचीड असतात, पायजम्याचे पाय मोज्यांत खोचा. दुर्बीण एकाकडे तरी असू द्या. बाकी सामान कमी करा, गाडीत सहा जण बसायचे आहेत.

काही झालं तर? साप, ताप, अपघात?

सेमाडोह आणि हरिसालला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, मोठ्या उपचाराला अचलपूर किंवा अमरावती. १०८ ची रुग्णवाहिका असते, पण फोन लागला पाहिजे, म्हणून अडचण आली की आधी जवळची वनचौकी गाठा, त्यांच्याकडे वायरलेस असतो. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६. साप चावला तर बांधाबांधी, कापाकापी, मांत्रिक काही नको. माणसाला चालायला न लावता, शक्य तितकं स्थिर ठेवून थेट दवाखान्यात. अंधारात टॉर्चशिवाय पाय टाकायचा नाही आणि बूट घालण्याआधी झटकायचे, एवढ्यानेही बरंच टळतं.

पहाटे आवाराबाहेर पायी फिरायला जाऊ नका. विशेषतः मोहाच्या दिवसांत. अस्वल अचानक समोर आलं तर ते पळण्याआधी हल्ला करतं.

पैशांचा हिशेब कसा करावा म्हणजे मैत्री टिकेल?

निघण्याआधी प्रत्येकाकडून सारखी रक्कम एकाकडे जमा. खर्च तोच करेल, शेवटी उरलेले वाटून देईल. ज्याची गाडी त्याच्याकडून पेट्रोलचे पैसे घेऊ नयेत, असं माझं ठाम मत. गाडी झिजते ती त्याचीच. एखाद्याचा हात आखडता असेल तर ते समजून घेऊन साधा मुक्काम निवडा, त्याला चार लोकांत विचारू नका.

तिसरा दिवस मिळाला तर काय जोडावं?

एक पर्याय गाविलगड. चिखलदऱ्याजवळचा हा किल्ला १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रजांनी आर्थर वेलस्लीच्या हाताखाली घेतला. वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. दोनच दिवसांनी नागपूरच्या रघूजी भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला आणि वऱ्हाड त्यांच्या हातून गेलं. तटावर उभं राहून खालचं मैदान बघितलं की या किल्ल्यावर इतकं का अवलंबून होतं ते उमगतं.

दुसरा पर्याय नरनाळा. अकोट-शहानूर बाजूने वर जायचं. तिथला महाकाली दरवाजा निवांत बघा, दगडातलं कोरीवकाम जवळून पाहण्यासारखं आहे. अकोल्याकडे परतणाऱ्यांना हा सोयीचा.

तिसरा पर्याय, आणि माझा तोच: कुठेही जाऊ नका, कोलकासलाच आणखी एक रात्र राहा.

रविवारी किती वाजता निघावं?

सकाळची सफारी, मग अंघोळ, मग जेवण, आणि एकच्या सुमारास गाडी सुरू. तीनपर्यंत परतवाडा, पाचच्या आत अमरावती, नागपूर रात्री आठपर्यंत. सोमवारी ऑफिस असलेल्यांना एवढं पुरतं. निघताना खोलीच्या मागे, कठड्याखाली, गाडीच्या सीटखाली एकदा नजर टाका, आपली एखादी बाटली किंवा वेष्टन राहिलेलं असतं. जेवण करणाऱ्याला त्याचे पैसे वेगळे द्या, बिलात धरले असं समजू नका. आणि सेमाडोहच्या माहिती केंद्रातल्या वहीत काय दिसलं ते तारीख-वेळेसह लिहून ठेवा. रानपिंगळा दिसला असेल तर नक्कीच.